मोजणी करा, जागा राखा : बदलत्या हवामानातील फुलपाखरांसाठी मागणीपत्र

प्रति,
मा. प्रधान सचिव (वने), महसूल व वन विभाग
मा. प्रधान सचिव, पर्यावरण व वातावरणीय बदल विभाग
मा. सदस्य सचिव, महाराष्ट्र राज्य जैवविविधता मंडळ, नागपूर

प्रत, कार्यवाहीसाठी : नगरविकास, ग्रामविकास, कृषी व सार्वजनिक बांधकाम विभाग; सर्व जिल्हाधिकारी; सर्व महापालिका आयुक्त

विषय : हवामानातील बदलांचा राज्यातील फुलपाखरांवर होणारा परिणाम नियमित मोजण्याबाबत आणि त्यांचे अधिवास राखण्याबाबत.

महोदय / महोदया,

२०१५ साली महाराष्ट्राने ब्लू मॉरमॉनला, म्हणजे आपल्या नीलवंताला, राज्य फुलपाखराचा मान दिला. असे फुलपाखरू जाहीर करणारे महाराष्ट्र हे देशातले पहिले राज्य. पुढे जैवविविधता मंडळाने राज्यातल्या फुलपाखरांना मराठी नावे देण्याचे कामही हाती घेतले. या दोन्ही गोष्टींचा आम्हाला मनापासून अभिमान आहे. पण गेल्या दहा वर्षांत राज्यातले नीलवंत वाढले की घटले, असे कोणी विचारले तर उत्तर देता येईल अशी सलग, एकाच पद्धतीने केलेली राज्यव्यापी नोंद आज उपलब्ध नाही. हे मागणीपत्र त्यासाठी आहे.

आम्ही राज्याच्या वेगवेगळ्या भागांत फुलपाखरे पाहणारे, त्यांच्या नोंदी ठेवणारे, त्यांच्या खाद्यवनस्पती लावणारे आणि शाळेतल्या मुलांना रानात घेऊन जाणारे लोक आहोत. आमच्यात शिक्षक आहेत, शेतकरी आहेत, वनमजूर आहेत आणि आठवडाभर नोकरी करून सुटीच्या दिवशी बाहेर पडणारेही आहेत. पाऊस लवकर आला, मध्येच दडी मारून बसला किंवा दिवाळीपर्यंत रेंगाळला की फुलपाखरांचे काय होते, हे आम्ही पाहतो आणि आपापल्या वहीत लिहून ठेवतो. परंतु सुट्या वह्यांवरून राज्याचे धोरण ठरत नाही. त्यासाठी शासनाने पुढे यायला हवे.

आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे. पाऊस आणि ऊन कोणत्याही विभागाच्या आदेशाने बदलत नाहीत. मात्र फुलपाखरांची मोजणी करणे आपल्या हातात आहे आणि बिघडलेले वर्ष त्यांना काढता येईल एवढी जागा राखणेही आपल्याच हातात आहे. पुढच्या सर्व मागण्या या दोन गोष्टींतून निघालेल्या आहेत.

१. फुलपाखराचे आयुष्य हवेवर कसे चालते

फुलपाखराच्या अंगात स्वतःची ऊब नसते. सकाळी ते पंख पसरून ऊन खाते, अंग पुरेसे तापले की उडते. ढगाळ, पावसाळी दिवस सलग राहिले तर ते पानाआड बसून राहते. त्याला मध मिळत नाही, जोडीदार मिळत नाही आणि मादीला अंडी घालता येत नाहीत. प्रौढ फुलपाखराचे आयुष्य बहुधा काही आठवड्यांचे असते, त्यामुळे असे आठ-दहा दिवस वाया जाणे हे त्याच्या दृष्टीने फार मोठे नुकसान असते.

उडणारे फुलपाखरू ही चार अवस्थांपैकी शेवटची अवस्था. अंडे, सुरवंट आणि कोष या आधीच्या तिन्ही अवस्था हवेच्या अधिकच अधीन असतात. नीलवंताचे उदाहरण घेऊ. त्याची मादी माकडलिंबू किंवा लिंबाच्या कुळातल्या दुसऱ्या झाडाच्या पानावर एकेक अंडे घालते. अंड्यातून निघालेला सुरवंट आधी अंड्याचे कवच खातो आणि मग कोवळ्या पानाकडे वळतो. लहानपणी तो पक्ष्याच्या विष्ठेसारखा दिसतो, मोठा झाला की पानासारखा हिरवा होतो. रंगाच्या या दोन युक्त्या त्याला पक्ष्यांपासून वाचवतात, पावसापासून नाही. धो धो पावसात पानावरची अंडी आणि नुकते निघालेले सुरवंट धुऊन जातात. दमट हवा फार दिवस टिकली की सुरवंटांत बुरशीचे आणि इतर रोग पसरतात. उलट पाऊस लांबला तर कोवळी पालवी जून होते आणि लहान सुरवंटाला ते पान खाता येत नाही. म्हणजे अंडी घालण्याची वेळ, पालवी फुटण्याची वेळ आणि पावसाची उघडीप या तिन्ही गोष्टी जुळून आल्या तरच पुढची पिढी उभी राहते.

बहुतेक सुरवंट ठरावीक वनस्पतींवरच जगतात, हे येथे लक्षात घेतले पाहिजे. प्लेन टायगरला रुई आणि तिच्या जवळच्या वनस्पती लागतात. कॉमन एमिग्रंटला बहावा व त्याच्या कुळातली झाडे लागतात. हळदीकुंकू नावाचे देखणे फुलपाखरू बांडगुळावर वाढते. सदर्न बर्डविंग, कॉमन रोज आणि क्रिमझन रोज यांना सापसंदाच्या कुळातल्या वनस्पती हव्यात. हवा कितीही अनुकूल असली, तरी जवळपास ती वनस्पती नसेल तर मादीने अंडी घालायची कुठे? हवामानाचा प्रश्न आणि जागेचा प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत ते असे.

फुलपाखरे ऋतूप्रमाणे रूपही बदलतात. भाताच्या खाचरांत आणि गवतात वाढणारे कॉमन ईव्हनिंग ब्राउन आपल्याकडे सर्वत्र दिसते. पावसाळ्यात जन्मलेल्या पिढीच्या पंखांखाली ठसठशीत डोळे असतात. कोरड्या ऋतूतल्या पिढीत ते डोळे पुसट होऊन बारीक ठिपके उरतात आणि पंख हुबेहूब वाळलेल्या पानासारखे दिसतात. कोणते रूप घ्यायचे हे सुरवंट असताना लाभलेल्या उष्णतेवर आणि ओलाव्यावर ठरते. पावसाळी रूप घेऊन बाहेर आलेल्या फुलपाखराला कोरडे, पिवळे गवत भेटले, तर त्याचा रंग त्याला लपवू शकत नाही. ऋतूची खूण चुकली की असे होते.

२. ऋतूची खूण चुकू लागली आहे

महाराष्ट्रातली फुलपाखरे मान्सूनशी बांधलेली आहेत. कृष्णमेघ कुंटे यांनी उत्तर पश्चिम घाटातल्या चार प्रकारच्या अधिवासांत केलेला अभ्यास १९९७ साली प्रसिद्ध झाला. फुलपाखरांची विविधता पावसाळ्याच्या उत्तरार्धात आणि हिवाळ्याच्या सुरुवातीला सर्वाधिक असते, असे त्यात दिसून आले. जूनच्या पावसाने पालवी फुटते, जुलै-ऑगस्टमध्ये सुरवंट वाढतात आणि सप्टेंबरपासून रान फुलपाखरांनी भरते, असे हे वर्षाचे चक्र आहे.

आता पावसाचे पाहू. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील शास्त्रज्ञांच्या पुढाकाराने झालेला एक अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. मध्य भारताच्या ज्या पट्ट्यात महाराष्ट्रही येतो, तेथे १९५० ते २०१५ या काळात मोठ्या क्षेत्रावर होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्याचे त्यात दाखवले आहे. जुलै २०२१ मध्ये महाबळेश्वरला एका दिवसात ५९० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडला. ऑगस्ट २०२३ हा १९०१ पासूनचा देशातला सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. २०२४ हे देशातले १९०१ पासूनचे सर्वांत उष्ण वर्ष ठरले. २०२५ साली मान्सून मुंबईत २६ मे रोजी पोहोचला. मुंबईची सर्वसाधारण तारीख ११ जून आहे. एवढ्या लवकर येऊन पुढे त्याची वाटचाल जूनच्या मध्यापर्यंत थबकली.

एकेक वर्ष वेगळे धरले तर हे अपवाद वाटतील. मात्र सुरवंटाच्या बाजूने पाहिले तर यातले प्रत्येक वर्ष वेगळ्या प्रकारे अडचणीचे होते. एका वर्षी पाऊस अंडी धुऊन नेणारा, दुसऱ्या वर्षी ऐन वाढीच्या महिन्यात पाने वाळवणारा, तिसऱ्या वर्षी पालवी फोडून मग ओढ देणारा. एखादे वाईट वर्ष फुलपाखरे भरून काढतात, कारण मादी एकामागून एक बरीच अंडी घालते आणि अनेक जातींच्या वर्षाला अनेक पिढ्या होतात. अडचणीची वर्षे लागोपाठ येऊ लागली आणि मधल्या काळात परत पसरण्यासाठी रानच उरले नाही, तर मात्र भरपाई होत नाही.

तापमान वाढले की अनेक प्राणी डोंगरात वर किंवा उत्तरेकडे सरकतात. सह्याद्रीत वर सरकायला जागा फार थोडी आहे. आपले सर्वोच्च शिखर कळसूबाई १,६४६ मीटर उंचीचे. घाटमाथ्यावरच्या गार, दमट झाडीत राहणाऱ्या जातींना त्याहून वर जाता येत नाही आणि खाली उतरावे तर शेते, रस्ते आणि वसाहती आहेत. म्हणून त्यांची आहे ती झाडी टिकवणे अधिक तातडीचे आहे.

स्थलांतर करणाऱ्या जातींची घडीही पावसावरच बसलेली आहे. दक्षिण भारतात ब्लू टायगर, डार्क ब्लू टायगर, कॉमन क्रो अशी फुलपाखरे नैर्ऋत्य मान्सूनच्या आधी पश्चिम घाटातून पूर्वेकडच्या मैदानी भागाकडे जातात आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये परततात. पाऊस महिनाभर मागेपुढे झाला तर या प्रवासाचे काय होते, हे थव्यांच्या तारखा वर्षानुवर्षे लिहिल्याशिवाय कळणार नाही.

३. मोजणीचा आग्रह कशासाठी

आम्ही राज्यातली फुलपाखरे संपत चालली आहेत असा गजर करत नाही. फुलपाखरांची संख्या हवेप्रमाणे दरवर्षी कमी-जास्त होतच असते. काही जातींना ओले वर्ष मानवते, काहींना कोरडे. एका वर्षी कमी दिसली म्हणून ऱ्हास झाला असे म्हणणे जितके चुकीचे, तितकेच एका वर्षी रान भरून दिसले म्हणून सर्व ठीक आहे असे म्हणणेही चुकीचे. वर्षावर्षाचा चढउतार आणि खरी घसरण यांतला फरक दाखवणारी एकच गोष्ट आहे : त्याच वाटेवर, त्याच पद्धतीने, अनेक वर्षे केलेली मोजणी.

ब्रिटनमध्ये अशी मोजणी १९७६ पासून चालू आहे. अर्नी पोलार्ड यांनी तेथे एक साधी पद्धत बसवली. ठरलेल्या वाटेवरून, ठरलेल्या वेळी, बेताची ऊब व वारा असताना संथ चालायचे आणि आपल्यापुढच्या पाच मीटरच्या चौकटीत दिसणारी फुलपाखरे लिहायची. जवळपास पन्नास वर्षांच्या या नोंदींमुळे तेथे कोणती जात कोणत्या हवेत वाढते किंवा घटते, हे आकड्यांनिशी सांगता येते. २०२४ चा वसंत ओला आणि उन्हाळा गार गेला. त्या वर्षीच्या लोकसहभागी गणनेत एका मोजणीत सरासरी केवळ ७ फुलपाखरे दिसली, तेव्हा तेथील एका संस्थेने ती आणीबाणी म्हणून जाहीर केली. मागचे आकडे हातात होते म्हणूनच हे शक्य झाले.

युरोपातल्या स्थलांतर न करणाऱ्या ३५ जातींचा १९९९ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो, की त्यांपैकी ६३ टक्के जातींचे क्षेत्र विसाव्या शतकात ३५ ते २४० किलोमीटर उत्तरेला सरकले. अमेरिकेत २००० ते २०२० या वीस वर्षांत फुलपाखरांची एकूण संख्या २२ टक्क्यांनी घटल्याचा निष्कर्ष २०२५ साली मांडला गेला. तो हजारो ठिकाणच्या नियमित मोजण्यांवर उभा आहे. मेक्सिकोच्या डोंगरात हिवाळा काढणाऱ्या मोनार्क फुलपाखरांनी १९९६-९७ साली सुमारे १८ हेक्टर जंगल व्यापले होते. २०२३-२४ साली ते क्षेत्र ०.९ हेक्टरवर आले. त्यामागे दुष्काळ आणि उष्णता आहे, तशी तणनाशकांनी नष्ट झालेली सुरवंटांची खाद्यवनस्पती आणि तुटलेले जंगलही आहे.

आपल्याकडेही मोजून निर्णय घेण्याची रीत आहे. पिकाचे उत्पादन ठरवताना शासन अंदाजावर विसंबत नाही. नेमलेल्या शेतात पीक कापणी प्रयोग करते. बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्यांवर मचाणे बांधून वन्यप्राण्यांची गणना होते. वाघांची देशव्यापी गणना दर चार वर्षांनी होते. राज्य फुलपाखराच्या वाट्याला एवढी शिस्त आलीच पाहिजे, असे आमचे ठाम मत आहे.

४. आमच्या मागण्या

मागणी १ : राज्यव्यापी फुलपाखरू मोजणी कार्यक्रम. राज्यात नऊ कृषी-हवामान विभाग आहेत. प्रत्येक विभागात जंगल, माळरान किंवा सडा, शेती आणि शहर अशा चार प्रकारच्या जागी किमान एकेक कायम वाट आखावी. दर पंधरवड्याला, एकाच पद्धतीने, वर्षभर मोजणी व्हावी. कार्यक्रमाला किमान दहा वर्षांच्या निधीची लेखी हमी हवी, कारण तीन वर्षांत बंद पडलेल्या मोजणीतून हवामानाबद्दल काहीच सिद्ध होत नाही. जबाबदारी जैवविविधता मंडळाने घ्यावी आणि विद्यापीठे, महाविद्यालये व निरीक्षक यांना सोबत घ्यावे. मोजणीची आकडेवारी सर्वांना विनामूल्य पाहता आली पाहिजे.

मागणी २ : हवामानाची नोंद मोजणीशी जोडावी. महावेध प्रकल्पाखाली राज्यातल्या महसूल मंडळांत दोन हजारांहून अधिक स्वयंचलित हवामान केंद्रे उभी आहेत. त्यांची पाऊस, तापमान व आर्द्रतेची माहिती या कार्यक्रमाला द्यावी. मात्र मोकळ्यावरच्या केंद्रातले तापमान आणि झाडीतल्या ओढ्याकाठचे तापमान यांत मोठा फरक असतो आणि सुरवंट त्या दुसऱ्या हवेत जगतो. म्हणून प्रत्येक मोजणी वाटेवर झाडीच्या आत तापमान व आर्द्रता नोंदवणारे छोटे यंत्र बसवावे. खाद्यवनस्पतींना पालवी कधी फुटली, हेही त्याच तक्त्यात लिहावे.

मागणी ३ : जुन्या नोंदी वाचवाव्यात. १८८३ साली स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या आणि भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेच्या पुण्यातील केंद्राच्या संग्रहांत नमुने आहेत. त्यांच्या चिठ्ठ्यांवरचे ठिकाण आणि तारीख ही आज अमोल माहिती आहे. या संस्थांच्या सहकार्याने ती संगणकावर आणावी. खाजगी वह्यांतल्या नोंदी स्वीकारण्याची सोयही करावी. अनेक ज्येष्ठ निरीक्षकांच्या वह्या त्यांच्या पश्चात रद्दीत जातात, हे थांबले पाहिजे.

मागणी ४ : माळराने, सडे आणि पठारे ‘पडीक’ समजू नयेत. २०१६ ते २०१९ या काळात राज्याने वृक्षलागवडीच्या मोठ्या मोहिमा राबवल्या. हेतू चांगला होता. परंतु नैसर्गिक गवताळ जमिनीवर खड्डे खणून झाडे लावली की तेथील गवत आणि रानफुले जातात आणि त्यावर जगणारी ब्राउन, स्किपर व ब्लू गटातली फुलपाखरेही जातात. यापुढे कोणत्याही लागवडीआधी किंवा सौर प्रकल्पाला जागा देण्याआधी त्या जागेची पावसाळ्यातली आणि पावसाळ्यानंतरची जैवविविधता पाहणी बंधनकारक करावी. सौरऊर्जा आम्हालाही हवी आहे. हवामान सावरायचे तर ती लागेलच. तिच्यासाठी आधी इमारतींची छपरे, कालवे आणि खरोखर नापीक झालेल्या जमिनी वापराव्यात.

मागणी ५ : सावली आणि ओल राखावी. उष्णतेच्या लाटेत फुलपाखरांना आसरा देणाऱ्या जागा म्हणजे ओढ्याकाठची झाडी, देवराया आणि जुनी आमराई. ओल्या वाळूवर किंवा चिखलावर बसून नर फुलपाखरे क्षार शोषतात. या चिखलपानासाठी वाहता, उघडा काठ लागतो. काँक्रिटच्या भिंतीत बांधलेल्या नाल्याला असा काठ उरत नाही. ओढे-नाले काँक्रिटमध्ये बांधण्यावर सरसकट बंदी शक्य नसेल, तर किमान गाव व वनक्षेत्रांत दोन्ही काठांवर झाडीचा पट्टा सोडण्याचा नियम करावा. देवराईत मंदिर-सुशोभीकरणाच्या नावाखाली फरशी आणि सिमेंट घालू नये.

मागणी ६ : वणवे रोखावेत. फेब्रुवारी ते मे या काळात डोंगरउतारांवर लागणाऱ्या आगींत गवतातली अंडी, सुरवंट, कोष आणि आडोशाला बसलेली कोरड्या ऋतूतली फुलपाखरे जळून जातात. उन्हाळा तापू लागला तशी गवताची आग आवरणेही कठीण होत आहे. जाळरेषा जानेवारीअखेर पूर्ण व्हाव्यात. ‘जाळले की गवत चांगले येते’ हा समज दूर करण्यासाठी ग्रामपंचायतींसोबत काम करावे. आग विझवणाऱ्या गावकऱ्यांना साधने, विमा आणि मोबदला मिळावा.

मागणी ७ : रस्त्याकडेची कापणी वेळापत्रकाने करावी. रस्त्यांच्या कडेला टाकळा, रुई, खुळखुळा, भुरुंडी आणि कितीतरी रानफुले वाढतात. फुलपाखरांचे एका रानातून दुसऱ्या रानात जाणे या पट्ट्यांतून होते. ब्लू टायगर आणि क्रो गटातले नर खुळखुळा व भुरुंडीच्या वाळक्या भागांतून जे द्रव्य शोषतात, त्यापासून मादीला आकर्षित करणारा गंध तयार होतो. पाऊस संपता संपता, फुलपाखरांच्या भर हंगामात, हे सगळे एका फेरीत कापून टाकले जाते. वळणावर व चौकात दृष्टी मोकळी ठेवण्यासाठी कापणी हवीच. उरलेल्या लांबीवर ती डिसेंबरनंतर करावी, एका वर्षी एकच बाजू कापावी आणि तणनाशक अजिबात मारू नये. वनक्षेत्रातल्या घाटरस्त्यांवर चिखलपानाच्या जागी वेगमर्यादेचे फलक लावावेत.

मागणी ८ : धूरफवारणीला शिस्त लावावी. डेंग्यू-मलेरियाचा धोका खरा आहे आणि माणसाचा जीव आधी, याबद्दल आमच्या मनात संदेह नाही. परंतु धुराने डासांबरोबर उडणारे इतर कीटकही मरतात आणि साचलेल्या पाण्यातल्या डासांच्या अळ्या तशाच राहतात. म्हणून भर पाणी साठे शोधून नष्ट करण्यावर असावा. रुग्ण आढळलेल्या वस्तीतच धूरफवारणी करावी. उद्याने, टेकड्या आणि नदीकाठी ती सरसकट करू नये.

मागणी ९ : रोपवाटिका आणि उद्याने बदलावीत. सामाजिक वनीकरण विभागाच्या रोपवाटिकांत माकडलिंबू, सापसंद, बहावा, बेल, कढीपत्ता, टेंभुर्णी अशा स्थानिक खाद्यवनस्पतींची रोपे तयार करून माफक दरात द्यावीत. महापालिकांच्या प्रत्येक उद्यानात काही भाग कापणी व फवारणीविना ठेवावा आणि सुरवंटांनी खाल्लेली पाने हा उद्यान कामगाराचा दोष धरू नये. जाळीच्या घुमटात फुलपाखरे कोंडून ठेवणाऱ्या उद्यानांवर पैसा खर्च करण्याऐवजी तो या कामी वापरावा. माझी वसुंधरा अभियानाच्या गुणांकनात स्थानिक खाद्यवनस्पतींच्या लागवडीला गुण द्यावेत.

मागणी १० : शेतकऱ्याला सोबत घ्यावे. लिंबाच्या बागेत लाइम बटरफ्लायचे सुरवंट कोवळी पाने खातात, हे नुकसान आम्ही नाकारत नाही. त्या शेतकऱ्याला रोपवाटिकेत व कोवळ्या बागेत हाताने वेचण्यापासून जैविक उपायांपर्यंतचा सल्ला कृषी विभागाने द्यावा. त्याच वेळी बांधावरची झुडपे, फुलणारी तणे आणि एखाद्या झाडावरचे बांडगूळ राखणाऱ्या शेतकऱ्यांना प्रोत्साहनपर अनुदान मिळावे. बांधावर तणनाशक मारण्याची गरज कुठे नाही, हेही त्याला कोणीतरी समजावून सांगितले पाहिजे.

मागणी ११ : लोक जैवविविधता नोंदवहीत फुलपाखरे यावीत. जैवविविधता कायदा, २००२ नुसार गावोगाव जैवविविधता व्यवस्थापन समित्या आहेत. त्यांच्या नोंदवह्यांत गावातली फुलपाखरे, त्यांच्या खाद्यवनस्पती, ती दिसण्याचे महिने आणि थवे जाताना दिसल्याच्या तारखा यांसाठी स्वतंत्र तक्ता द्यावा. गुराख्यांना, रानात राबणाऱ्या बायांना आणि आदिवासी जाणत्यांना हे ठाऊक असते. ते त्यांच्या नावानिशी नोंदवले जावे.

५. खर्च, मुदत आणि आमची हमी

या मागण्यांत मोठ्या बांधकामाची एकही मागणी नाही, हे आपल्या लक्षात येईल. मागणी ६, ७ आणि ८ यांत चालू कामाची वेळ आणि रीत बदलायची आहे. मोजणी कार्यक्रमाचा मुख्य खर्च म्हणजे प्रशिक्षण, समन्वयकांचे मानधन, प्रवास आणि साधी यंत्रे. त्यासाठी राज्याच्या अर्थसंकल्पात वेगळे लेखाशीर्ष ठेवावे आणि जिल्हास्तरावर जिल्हा नियोजन समितीच्या निधीतून पूरक तरतूद करावी.

आमची विनंती आहे, की कापणी, वणवे व धूरफवारणी यांबाबतची परिपत्रके तीन महिन्यांत निघावीत. पुढील मान्सूनपूर्वी मोजणी वाटा आखून प्रशिक्षण पूर्ण व्हावे. दरवर्षी जून महिन्यात मागील वर्षाचा अहवाल मराठीत प्रसिद्ध व्हावा. त्यात आकडे घसरले असतील तर तेही जसेच्या तसे छापावेत. अहवालानंतर संबंधित विभागांनी काय पावले उचलली, याचा आढावा एका संयुक्त समितीने घ्यावा आणि त्या समितीवर निरीक्षकांचे, शेतकऱ्यांचे व ग्रामसभांचे प्रतिनिधी असावेत.

आम्ही फक्त मागून थांबणार नाही. आमचे सभासद कायम वाटांवर विनामूल्य मोजणी करतील. नवीन निरीक्षकांना ओळख शिकवतील. आपल्या जुन्या नोंदी कार्यक्रमाला देतील. शाळा, गृहसंस्था आणि ग्रामपंचायती यांच्यासोबत खाद्यवनस्पती लावतील व जगवतील. मोजणीत आमच्या समजुतीच्या उलट आकडे आले, तर ते आम्ही मान्य करू आणि मागण्यांत तसा बदल सुचवू. शासनाकडूनही आमची एवढीच अपेक्षा आहे, की आकडे जे सांगतील त्यानुसार निर्णय बदलण्याची तयारी असावी.

महाराष्ट्रात फुलपाखरांच्या पावणेतीनशेच्या आसपास जाती आहेत. त्यांतल्या अनेकींचे आयुष्य एका वनस्पतीवर, एका ओढ्यावर आणि पावसाच्या काही आठवड्यांवर उभे आहे. येत्या पावसात मोजणी सुरू झाली, तर दहा वर्षांनी हे राज्य आपल्या फुलपाखरांबद्दल आणि बदलत्या ऋतूंबद्दल खात्रीने बोलू शकेल. एक वर्ष थांबलो, तर त्या वर्षाची नोंद नंतर कितीही पैसा खर्च करून मिळणार नाही. म्हणून या मागण्यांवर चर्चेसाठी येत्या महिनाभरात सर्व संबंधित विभागांची संयुक्त बैठक बोलवावी आणि आमच्या प्रतिनिधींना तीत म्हणणे मांडू द्यावे, ही आग्रहाची विनंती.

आपले विश्वासू,
अध्यक्ष, सचिव आणि सर्व सभासद
फुलपाखरू निरीक्षकांची संघटना